गाठ बाहेर कशी काढणार?

ऑक्टोबर २०१३, बॉस्टन. चाळिशीच्या डॉ. एमी रीड स्वतः भूलतज्ज्ञ, सहा मुलांच्या आई. गर्भाशयात फायब्रॉइडच्या, म्हणजे स्नायूंच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या, गाठी होत्या, म्हणून दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं ठरलं.

फायब्रॉइड पन्नाशीपर्यंत बहुतेक स्त्रियांना होतात. कित्येकींना त्यांचा पत्ताही लागत नाही. ‘पिशवीला गाठी आहेत’ असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ‘घाबरू नका’ असं डॉक्टर सांगतात आणि जवळजवळ नेहमीच ते खरं असतं.

छोट्या छेदातून गर्भाशय अखंड निघत नाही. म्हणून पोटातच मॉर्सेलेटर चालवला गेला. नळीच्या टोकाशी गरगर फिरणारं पातं. ते मांस कापत जातं आणि तुकडे बाहेर ओढले जातात. काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. लियोमायोसार्कोमा. गर्भाशयाच्या स्नायूंचा दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक कॅन्सर. एका जागी असलेला हा कॅन्सर त्या पात्यानं पोटात विखुरला होता.

आधी कळलं नसतं का? इथंच सगळी अडचण आहे. सोनोग्राफीत ही गाठ फायब्रॉइडसारखीच दिसू शकते. एमआरआयमध्ये संशय येतो, खात्री होत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला, तरी स्नायूत दडलेला कॅन्सर हाती लागेलच असं नाही. पाळी गेल्यावरही गाठ वाढत असेल, तर मात्र तिला साधी समजून सोडू नये.

केमोथेरपी घेत असतानाच डॉ. रीड मॉर्सेलेटरच्या वापराविरुद्ध लढायला उभ्या राहिल्या. सोबत पती, हृदयशल्यविशारद डॉ. हूमान नूरचश्म. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) अंदाज जाहीर केला: फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे याच प्रकारचा कॅन्सर, असतो. हा आकडा फुगवलेला आहे, असं अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाले. पण ज्या बाईच्या पोटात तो निघतो, तिला आकड्याचा काय दिलासा? जुलैमध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं आपले मॉर्सेलेटर बाजारातून परत घेतले.

२४ मे २०१७ ला डॉ. रीड गेल्या. वय ४४.

२०२० मध्ये एफडीएनं सांगितलं: मॉर्सेलेटर वापरायचाच, तर गर्भाशय पोटातच बंद थैलीत घेऊन, आणि पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी नाहीच. थैलीमुळे कॅन्सर पसरण्याचा धोका कमी होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: गाठ अखंड काढणार, की पोटात तुकडे करून?