जामखेड : दवाखान्यातून वाडीवर

[दृश्य : जामखेडकडे जाणारा रस्ता, दुतर्फा ज्वारी, मागे बालाघाटाचे डोंगर]

निवेदन :
अहिल्यानगर जिल्ह्याचा हा कोपरा बीडला चिकटलेला. इतिहासाच्या पुस्तकात तो येतो खर्ड्याच्या 1795 सालच्या लढाईमुळे आणि अहिल्याबाईंच्या चौंडीमुळे. बाकी वर्षभर इथे बोलणं पावसाचंच, तेही बहुतेक न आलेल्या.

1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच देवापुढे ठरवलं होतं. जामखेडला येण्याआधी याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना एक गोष्ट त्यांना डाचत होती. जुलाबाचं मूल बरं करून घरी पाठवावं, तर तेच पाणी, तीच उपासमार आणि काही दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याच दुखण्यावर बोट ठेवलं आहे. भाऊबहीण उघडे आहेत, उपाशी आहेत, आणि आपण म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. हातावर मात्र काही ठेवत नाही. त्या बोलण्याचा उपयोग काय, असा याकोबाचा रोखठोक सवाल. जामखेडच्या कामाची सुरुवात या सवालापासून धरता येते.

[दृश्य : गावातली अरुंद बोळ, ओट्यावर बसलेल्या बाया]

निवेदन :
आधी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. शहरात शिकलेली एकटी मुलगी वाडीवर राहायला कचरायची, आणि तिचं बोलणं गावातल्या बायकांच्या गळी उतरत नसे. मग गावानेच या आरोग्याच्या कामासाठी आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. पुष्कळ जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करत, शिकून परत जात. जेवण एका पंगतीत, झोप एकाच खोलीत. गावात जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या शेजारी ताट मांडून बसायचं. आमच्या मते अर्धं शिक्षण तिथेच झालं.

उरलेलं अर्धं किती नेमकं होतं, ते हगवणीवरून पाहू.

मूल जुलाबाने वाळत चाललं की घरात पहिला हुकूम सुटायचा, 'पाणी बंद करा.' अंगातलं पाणी आटलं की बाळाची टाळू खोल जाते. लोक म्हणत टाळू पडली, आणि तिथे तेल थापत. खरा इलाज चुलीशेजारीच होता. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग पुसून टाकलेला. चूक होते ती इथेच. मीठ जास्त पडलं तर रक्तातलं मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून आधी फक्त मीठ घालून चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. अंगावरचं दूध चालूच. चोवीस तासांनी उरलेलं पाणी फेकून नवं करायचं. आता तयार पुडी मिळते, ती केव्हाही चांगली, शिवाय चौदा दिवस झिंकच्या गोळ्या. पण पुडी एक लिटरची असेल तर ती पेलाभर पाण्यात कालवणारे आजही भेटतात.

देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसून राहणं, हा अर्थ इथे कुणी घेतला नाही. मूल गुंगीत गेलं, पोटात काहीच टिकेना, शौचातून रक्त आलं, तर लगेच दवाखाना. प्रार्थना वाटेत गाडीत करता येते. मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर चमचाही वाटेत चालूच ठेवायचा.

बाळंतपणातही तेच. नाळ विळ्याने कापून वर शेण किंवा राख लावायची रीत होती. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बाळ अंगावर प्यायचं थांबे, अंग ताठ होई आणि ते जाई. घरचे म्हणत सटवीने नेलं. तो धनुर्वात होता. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ अंथरूण, कोरं पातं, उकळलेला दोरा आणि नाळेवर काहीही न लावणं, एवढ्याने तो टळतो. आईला धनुर्वाताची लस दिली असेल तर धोका आणखी कमी.

[दृश्य : वस्तीतला हापसा, कळशा भरणाऱ्या बाया]

निवेदन :
हापसे बसवायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत धरल्या. ज्यांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्यांच्या दारात सगळ्या गावाला पाण्यासाठी यावं लागलं. अस्पृश्यतेवर भाषण झालं नाही. चांगल्या पाण्याने जुलाब कमी होतात, एवढंच सांगितलं.

[दृश्य : पसरट घमेल्यात बुडवलेले पाय, जवळून]

निवेदन :
योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. चर्चमध्ये वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, त्याची आठवण करतात. कुष्ठरुग्णाला हे पाय धुणं रोज लागतं.

जामखेडला कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना काढला नाही. ते इतरांच्याच रांगेत बसले. घरोघर फिरणारी कार्यकर्ती अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा हेरते. रुग्णाला डोळे मिटायला सांगते, पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करते आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला लावते. चट्ट्यावर बोट गेलंच नाही तर तपासणीला पाठवते. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने.

औषधाने जंतू मरतात. मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून टाच भेगाळते. काटा रुतला तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर शेतात जातो. म्हणून रोज वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात. गरम पाणी अजिबात नको, कारण चटका कळणारच नाही. मऊ पडलेलं घट्टं खरबरीत दगडाने हलकेच घासायचं. ब्लेडने तासायचं नाही. पाय ओला असतानाच तेल, खोबरेल चालेल, म्हणजे ओल आत टिकते. मग तळवा पाहायचा, दिसत नसेल तर आरशात. जखम असेल तर धुऊन, स्वच्छ कापडाने झाकून, पायाला विसावा. हा विसावाच कुणी पाळत नाही. दुखत नाही, मग बसायचं कशाला? शिवाय बसलं तर रोज बुडतो. मलम बदलून जखम भरत नाही, त्या पायावरचा भार उतरला की भरते. चपलेचा तळ मऊ रबराचा, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही.

डॉक्टरचं ज्ञान असं दुसऱ्याच्या हाती सोपवायला भरवसा लागतो, देवावर आणि अक्षरओळख नसलेल्या बाईवरही. आमच्या मते दुसरा जास्त अवघड आहे. 1971 साली इथे हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1996 पर्यंत तो आकडा 26 वर आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये.

आता बाळंतपणं बहुतेक दवाखान्यात होतात, आशाताई गावोगाव आहेत. दारात येणारं दुखणं बदललं आहे. साखरेच्या आजाराने बधिर झालेला पाय तपासायची रीत मात्र जवळपास तीच : रोज तळवा पाहणं, पेनाच्या टोकाचा स्पर्श, बिनखिळ्याची चप्पल. फरक एवढाच, की हा पाय फार वेळ भिजवत ठेवायचा नाही. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तिथे तेल लावायचं नाही.