गंगापूरच्या काठावरची सागाची होडी (चित्रफितीचं निवेदन)

मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी असं मागे सरतं. गोदावरीवरचं हे मातीचं धरण १९६५ साली पुरं झालं. नाशिक शहराला पाणी मिळालं, आणि काठावरच्या लोकांना पलीकडे जायला होडी लागू लागली.

ही त्यांतलीच एक. हिने नवरीही नेली आणि खताची पोतीही. आजोबा गेले, तेव्हापासून ती बांधावर पालथी पडून होती. उन्हाने फळ्या आकसल्या. सांध्यात बोट जातंय, बघा. आता तिची दुरुस्ती चालली आहे.

आधी ठोकून पाहायचं. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत, भद्द आला की फळी गेली. साग सहसा दगा देत नाही. इथे घात केला तो लोखंडी खिळ्यांनी. गंज लाकडात उतरतो आणि भोवतीचा भाग काळा, मऊ पडतो. म्हणून या वेळी खिळे तांब्याचे.

आतल्या फासळ्यांना मात्र बाभूळ. वखारीतल्या सरळ ओंडक्यांकडे सुतारकाकांनी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांना हवी होती वाकडी फांदी. सरळ फळीतून बाक कापला तर लाकडाच्या रेषा तुटतात आणि नेमका तिथेच तडा जातो. फांदीचा बाक झाडानेच घडवलेला, रेषाही त्याच्यासोबत वळलेल्या. लाकूड तासायचा वाकस कसा चालतोय पाहा. असे हात आता शोधावे लागतात.

सांधे भरायला सुताचा दोर, राळेत आणि जवसाच्या तेलात मुरवलेला. तो बोथट पटाशीने आत बसवायचा. जास्त ठोकला तर फळी सरकते, कमी ठोकला तर पाणी येतं. काकांचं लक्ष मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, आवाजाकडे आहे. फायबरच्या होडीला हे लाड लागत नाहीत, मान्य. पण तिची फळी बदलून दाखवा!

आता होडी पाण्यात, आणि पाणी होडीत. घाबरू नका, दगड ठेवून ती मुद्दाम बुडवली आहे. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. मग उपसा.

(आजी होडीत बसतात. इथे निवेदन नाही.)

खर्च नव्या फायबर होडीच्या वर गेला, आणि हिच्यावर मासेमारी करायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही. पाऊस लागण्याआधी बाहेरून तेलाचा आणखी एक हात द्यायचा आहे. तेवढं काम काकांनी नातवाच्या गळ्यात घातलंय.