एक तांब्या, एकतीस दिवस

बसा, बसा. मागे जागा नसेल तर पुढे सतरंजीवर या. उद्या एक ऑक्टोबर, म्हणून आज रोज एक चित्र काढण्याचा विषय घेतला. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं २००९ मध्ये ठरवलं, की आपला शाईचा हात सुधारायचा तर ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं. त्याला नाव पडलं इंकटोबर. पुढे दिवसाला एक शब्द अशी यादीही निघायला लागली आणि जगभरचे लोक त्यात शिरले. माझ्या भाचीनं ती यादी मला पाठवली, "मावशी, तू करच" म्हणून.

पहिल्या वर्षी मी यादी इमानेइतबारे पाळली आणि फसले. समजा शब्द आला वादळ. तर पाऊण तास विचार, की कशाचं वादळ काढू, डोक्यातलं की चहाच्या कपातलं. उरलेल्या पंधरा मिनिटांत हाताला ज्या युक्त्या येतात त्याच वापरून चित्र उरकायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. महिनाअखेर एकतीस चित्रं जमली. कल्पना बऱ्या होत्या, पण शाईबद्दल मला एक ऑक्टोबरला जेवढं कळत होतं, तेवढंच एकतीसलाही.

दुसऱ्या वर्षी यादी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातला पितळी तांब्या टेबलावर आणून ठेवला. रोज तोच. काय काढायचं हा प्रश्नच मिटला, उरली फक्त शाई.

पहिले दोन दिवस झेरॉक्सच्या कागदावर गेले. शाई फुटली. फुटली म्हणजे कशी, तर रेघेला दोन्ही बाजूंनी केस आल्यासारखे. मग गुळगुळीत, जाड ड्रॉइंग पेपर आणला, तर टाक अडकायला लागला. टाकाच्या निबला दोन पाय असतात. रेघ आपल्याकडे ओढली की पाय फाकतात, शाई उतरते, रेघ भरते. तीच रेघ वर ढकलली की टोक कागदाच्या तंतूत रुततं आणि सुटताना शिंतोडे उडवतं. म्हणजे तांब्याचं गोल पोट एका दमात फिरवायचंच नाही. डावी बाजू वरून खाली उतरवायची, उजवीही वरून खाली, आणि तळाशी आलं की हात नाही, कागद फिरवायचा. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत फळ्यावर एका झटक्यात गोल काढून टाळ्या घेतलेली बाई! खडूला सुलट-उलट नसते हो. टाकाला असते, हे मला साठीत कळलं.

दुसरी गोष्ट चकाकीची. शाईत पांढरा रंग नाही. तांब्याच्या गळ्याखाली खिडकीची जी उभी पट्टी चमकते, ती काढता येत नाही, सोडावी लागते. आठ दिवस मी ती सोडायला विसरले. नवव्या दिवशी सगळ्यात आधी पेन्सिलीनं त्या पट्टीला कुंपण घातलं आणि मग बाकीच्या तांब्याकडे वळले. जलरंगातही हेच. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, "पांढरं राखा रे." स्वतः मात्र पोस्टर कलरच्या पांढऱ्यावर निभावून नेत होते.

एक गाढवपणाही सांगते. टाक सारखा दौतीत बुडवायचा कंटाळा आला, म्हणून ती न पुसणारी शाई वडिलांच्या फाउंटन पेनात भरली. त्या शाईत लाख असते. वाळली की पाण्यानं सुटत नाही, हा तिचा गुण, आणि पेनाच्या पोटात वाळली की तोच तिचा अवगुण. पेन अजून देवघराच्या खणात आहे. लिहीत नाही.

त्या रागात घरी शाई केली. निरांजनावर वाटी उपडी धरून काजळ जमवलं, डिंकाचं पाणी घालून खलात घोटलं. जुन्या पोथ्यांसाठी काजळाची शाई अशीच घोटत. काळी मात्र अशी, की विकतची फिकी वाटावी! तिनं तांब्या काढला, वाळू दिला, सावलीसाठी ओला ब्रश फिरवला आणि तांब्या वाहून गेला. डिंक पाण्यात परत विरघळतो, लाख विरघळत नाही. जलरंगाच्या वडीतही डिंकच असतो, म्हणून वाळलेला थर पुन्हा ओला करून उचलता येतो. पुस्तकात मी हे दहादा वाचलेलं. कळलं मात्र त्या वाहून गेलेल्या तांब्यानं.

जलरंगाचा महिना घ्यायचा असेल तर आपल्या इंदूरची हवा बघून घ्या. मे महिन्यात ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेतो पहिलं टोक वाळलेलं असतं, सगळीकडे कडक कडा. जुलैत उलटं. थर वाळतच नाही, आपण उतावीळपणे ओला ब्रश टेकवतो आणि मध्ये फुलकोबीसारखा डाग उमटतो. दोन्ही महिने करा. कागद ३०० ग्रॅमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, नाहीतर त्याचा पापड होतो.

नवीन काही सांगत नाहीये मी. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सगळे त्यांचे विद्यार्थी. चिंचाळकर गुरुजी तर वाळकी पानं, मुळं, फुटक्या वस्तू हातात घेऊन आधी ती वस्तू काय म्हणते ते बघायचे. माझा तांब्या त्याच वाटेवरचा, बराच मागून येणारा.

रोजच्या सरावाला रियाज म्हणायची पद्धत आहे. मला ती पुरती पटत नाही. गवयाचा चुकलेला सूर हवेत विरून जातो, आपला कागद उरतो. म्हणून प्रत्येक कागदामागे तारीख लिहा आणि एक ओळ लिहा: कुठला कागद, कुठली शाई, काय बिघडलं. 'छान जमलं' असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. आणि खाडा पडला तर पडू द्या. माझे चार पडले, त्यातले दोन दिवाळीच्या साफसफाईचे. मागचे भरून काढायला एका रात्रीत चार तांब्ये काढले, ते चारही वाईट आहेत. भिंतीवर लावलेत, जाताना बघा.

आता बोलणं पुरे. त्या टेबलावर टाक, दौती आणि टीपकागद आहेत. तांब्या एकच आहे, त्यामुळे गोल करून बसा, म्हणजे प्रत्येकाला त्याची वेगळी बाजू मिळेल. शाई काजळाची आहे, अंगावर सांडली तर पाण्यानं निघेल. सतरंजी मात्र वाचनालयाची आहे, तेवढी सांभाळा.