चौथी ओळ समेवर

(सोलापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगीतकारांवरच्या विनोदी कविता! गवयांची थट्टा करायला सोलापुरात माणसं जमवायची कशाला, ती चहाच्या टपरीवर रोज होतेच की. खरं आहे. पण टपरीवरच्या थट्टेला यमक नसतं, आणि आज मला यमकाबद्दलच बोलायचंय.

इंग्रजीत एडमंड क्लेरिह्यू बेंटली नावाचा लेखक होऊन गेला. शाळकरी वयात वर्गात बसल्याबसल्या त्यानं चार ओळींचा एक खेळ सुरू केला. पहिल्या ओळीत कुणा मोठ्या माणसाचं नाव, दुसरीचं यमक पहिलीशी, चौथीचं तिसरीशी, आणि ओळी मुद्दाम वेड्यावाकड्या, लांबीला कसलाच धरबंध नाही. 1905 साली या चरित्रांचं पुस्तक निघालं आणि प्रकाराला त्याच्याच मधल्या नावावरून क्लेरिह्यू म्हणू लागले. यात मोठ्या माणसाचं सगळं मोठेपण बाजूला पडतं आणि एखादी फालतू गोष्ट राहते. मजा तिथेच.

मी हा खेळ मराठीत करून बघितला आणि पहिल्याच दिवशी अडलो. आपल्याकडची नावं यमकाला फार सोपी! अर्ध्या गवयांच्या आडनावात ‘कर’, उरलेल्यांच्या मागे ‘बुवा’. ‘कर’ला घर, वर, भर, ज्वर, ‘बुवा’ला हवा, तवा, दवा. फुकटात मिळालेल्या यमकाला कोण हसणार? यमक थोडं अडखळत, धापा टाकत आलं पाहिजे. म्हणून मी परदेशी संगीतकारांकडे वळलो. त्यांची नावं मराठीच्या तोंडात नीट बसत नाहीत, हाच त्यांचा गुण.

लायप्झिगचा बाख,
पोरं त्याला वीस आणि सूर त्याचे लाख.
फ्यूगमध्ये एकामागे एक शिरे स्वर,
पाळण्याचं वेळापत्रक तेच बरोबर!

फ्यूग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एक आवाज छोटीशी चाल म्हणतो. ती संपत येते तोच दुसरा आवाज तीच चाल वेगळ्या सुरात घेतो, मग तिसरा, मग चौथा, आणि पहिले थांबत नाहीत, आपलं गात राहतात. वीस पोरांच्या घरात पहाटे पाचला याहून वेगळं काय होत असेल? पण ही कविता एकदा म्हटल्यावर माझ्या बायकोनं विचारलं, ‘वीसातली वाढली किती?’ मी बघितलं. दहा. बाकीची लहानपणीच गेली. तेव्हापासून मी ही कविता म्हणतो, पण ‘पाळणा’ शब्दाशी जीभ जरा जड होते. असो.

शोपँकडे येऊ. पोलंडचा माणूस, पुढचं आयुष्य पॅरिसात, लिहिलं जवळजवळ सगळं पियानोसाठी. आणि देवानं नाव दिलं ते खास मराठी यमकासाठी.

पोलंडचा शोपँ,
ऐकायला सोपं.
वाजवायला बसलो तेव्हा पटली एक बात,
शेजाऱ्याचा मागून आणा आणखी एक हात!

आता एक गंमत बघा. या चार ओळींत तुम्ही हसलात कुठे? ‘सोपं’ला फक्त ओठ हलले. खरं हसू चौथीच्या शेवटच्या शब्दाला. कारण तोपर्यंत कान वाट बघत होता. तबल्यावर तिहाई लागली की तुम्ही काय करता? एकच तुकडा तीनदा येणार हे ठाऊक असतं, कुठे पडणार तेही ठाऊक असतं, तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की हात आपोआप वर जातो. तीनतालाच्या 16 मात्रा मोजत बसणाऱ्याचा हात जातो आणि न मोजणाऱ्याचाही. विनोदी कवितेची चौथी ओळ ही सम आहे. आधी पडली तर पचका, उशिरा पडली तर सभा जांभया देते.

हे मी काही नवीन सांगत नाही. जोसेफ हायडन या ऑस्ट्रियाच्या संगीतकारानं वाद्यवृंदाला हेच करायला लावलं. त्याची 94 क्रमांकाची सिंफनी 1792 साली लंडनला पहिल्यांदा वाजली. दुसऱ्या भागात एक बाळबोध चाल अगदी हलक्या आवाजात येते. आठ मापं, म्हणजे तालाचे आठ छोटे कप्पे, झाली की तीच पुन्हा, आणखी हलकी. आणि सोळाव्या मापात सगळा वाद्यवृंद धाडकन एक ठोका देतो! डोळे मिटलेले श्रोते खुर्चीत उडतात. शब्द एक नाही, यमक नाही, तरी विनोद पुरा. तो ठोका चौथ्या मापाला दिला असता तर नुसता आवाज झाला असता.

त्याच्या उलट अमेरिकेचा संगीतकार जॉन केज. 1952 साली त्यानं एक रचना सादर करायला लावली: वादक पियानोसमोर बसतो, चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही, आणि उठतो. ऐकायचं काय, तर सभागृहातलं खोकणं, खुर्च्यांचं करकरणं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात ही रचना जमायची नाही. कापड विणणाऱ्या मागांची खटखट चालू असेपर्यंत शांतता मिळणार कुठून? तरी एक विनंती मी केलीच:

केजनं चार मिनिटं तेहतीस सेकंद
सगळं संगीत ठेवलं बंद.
शेजारच्या पोरा, तूही पेटी घे हाती,
हाच तुकडा घोट बाबा, दिवस आणि राती!

पेटीचा विषय निघालाच आहे. रेडिओनं 1940 साली हार्मोनियमला बंदी घातली, ती 1971पर्यंत टिकली. आक्षेप असा की पट्टीवर बोट ठेवलं की एकच ठरलेला सूर. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, निसटतात. शास्त्र म्हणून आक्षेप बरोबरच आहे. पण आपल्या भजनी मंडळांना ते शास्त्र कुणी सांगितलंच नाही.

रेडिओनं पेटीला दाखवलं दार:
‘मींड नाही, श्रुती नाही, चल हो पसार!’
पेटी म्हणाली, ‘जाते बाबा, रुसू कशाला?
कोपऱ्यावरचं भजन आहे सांभाळायाला!’

लुलीचंही सांगायला हवं. फ्रान्सच्या राजाच्या दरबारातला संगीतकार. राजा आजारातून उठला म्हणून 1687 साली मोठा कार्यक्रम झाला. त्यात काठी जमिनीवर आपटून ताल देताना ती स्वतःच्याच पायावर बसली. जखम चिघळली आणि तो गेला. चार ओळी मीही लिहिल्या होत्या, जमल्याही होत्या. फाडून टाकल्या. का ते विचारू नका.

आपल्या राम जोशींचं नाव न घेता सोलापुरातून उठणं बरं नाही. लावणी रचणारा माणूस, पुढे कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गात फिरला. आर्या म्हणजे मात्रांचा काटेकोर हिशेब. पंतांची पसंती 12, 18, 12, 18ला. शिवाय तमाशातला प्रेक्षक समोर. त्याला ज्ञान सांगायचं तरी टाळी मिळवून सांगावं लागतं. मात्रा मोजणारा आणि लोकांना हसवणारा एकाच अंगरख्यात!

हा हिशेब मला कुणी शिकवला तेवढं सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील. गणेशोत्सवातल्या बैठकीत मी एक चौकडी म्हटली. आमच्याच गावातल्या एका गवयावर होती, नाव न घेता. तंबोरा जुळवायला त्यांना लागणारा वेळ गावभर प्रसिद्ध.

व्यासपीठावर आले बुवा,
तंबोऱ्याला म्हणाले, ‘जरा लागू दे हवा.’
तारा जुळता जुळता झाली रात्रसुद्धा अर्धी पार,
श्रोते घरी, बुवा म्हणती, ‘आता रंग येणार!’

लोक हसले, पण जरा विस्कळीत, पाठोपाठ, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे. आणि बघतो तो बुवा स्वतः पहिल्या रांगेत! माझ्या पोटात गोळा. ते उठून जवळ आले, मांडीवर बोटं मोजत म्हणाले, ‘तिसरीत तीस मात्रा भरतात, चौथीत सव्वीस. ‘सुद्धा’ काढा. सम हुकतीय.’

मी ‘सुद्धा’ काढलं. पुढच्या बैठकीला तीच चौकडी म्हटली आणि अख्खा मांडव एका ठोक्यात हसला. बुवांचं गाणं त्यानंतर होतं. तंबोरा जुळवायला पाऊण तास घेतला, आणि मधूनमधून माझ्याकडे बघत मांडीवर बोटं मोजत होते.