रॉक अँड रोल: नाव पडण्याआधीची माणसं

नमस्कार श्रोतेहो.

7 मे 1964. इंग्लंडमधलं मँचेस्टर. विल्ब्रॅहम रोड नावाचं एक स्टेशन, तिथल्या गाड्या केव्हाच बंद झालेल्या. एका टीव्ही कंपनीनं त्याला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुनाट स्टेशनाचं रूप दिलं आहे. एका फलाटावर तरुण मुलंमुली दाटीवाटीनं बसली आहेत. रूळ ओलांडून समोरच्या फलाटावर वादक आहेत. पाऊस पडतोय, सगळं ओलंचिंब. घोडागाडीतून एक बाई उतरते. वय 49, अंगात लांब कोट, पायात उंच टाचा. ती पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि नोहाच्या प्रलयाचं, म्हणजे पावसाचंच, गाणं सुरू करते. मधेच गाणं थांबवून ती गिटारवर असे काही तुकडे वाजवते की समोरची पोरं बघतच राहतात. जे वाजवायला ती पोरं धडपडत होती, ते ही बाई त्यांच्या जन्माआधीपासून वाजवत होती.

ही सिस्टर रोझेटा थार्प. रॉक अँड रोलची गोष्ट बहुतेक वेळा 1954 मध्ये एल्विस प्रेस्लीपासून सांगतात. मी ती हिच्यापासून सांगणार आहे, कारण माझ्या मते ती तिथूनच सांगायला हवी.

रोझेटाचा जन्म 1915 चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावातला. आई केटी बेल न्यूबिन मँडोलिन वाजवायची आणि चर्चमध्ये प्रवचनं करायची. गावोगाव फिरायचं, देवाची गोष्ट सांगायची, मधेच गायचं, समोरच्यांनाही गायला लावायचं. ज्यांनी गावच्या सप्ताहातलं कीर्तन ऐकलंय, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. इवलीशी रोझेटा आईसोबत गिटार घेऊन उभी राहायची. पुढे मायलेकी शिकागोला आल्या. त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं कापसाची शेतं आणि तिथला जाच मागे टाकून उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती. त्यांचं गाणंही त्यांच्याबरोबर शहरात आलं.

त्यांचा पंथ चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट. तिथे ढोल, खंजिरी, गिटार कशालाच मनाई नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत गायचे. या टाळीकडे जरा लक्ष द्या, श्रोतेहो. सारख्या लयीत एक, दोन, तीन, चार मोजा, आणि टाळी फक्त दोन आणि चारवर द्या. एकवर नाही. आपल्या हाताला समेवर टाळी द्यायची सवय, म्हणून सुरुवातीला हात अडखळेल. पण चार-पाच आवर्तनं झाली की पाय आपोआप हलायला लागतो. चर्चमधली ही टाळी पुढे ड्रमवर गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये डिसेंबर 1949 मध्ये फॅट्स डॉमिनो या पियानो वाजवत गाणाऱ्या गायकानं आपली पहिली रेकॉर्ड केली, तेव्हा अर्ल पामर या ड्रमवादकानं हा दोन-चारचा ठोका गाणंभर धरून ठेवला. रॉक अँड रोलचा कणा म्हणतात तो हाच.

रोझेटानं 1938 मध्ये आणखी एक धाडस केलं. देवाची गाणी घेऊन ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गेली, जिथे दारू होती, नाच होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती कार्नेगी हॉलमध्येही गायली. चर्चमधल्या अनेकांना हे मुळीच रुचलं नाही, त्यांनी तिला दूषणं दिली. ती थांबली नाही. 1944 मध्ये सॅमी प्राइसच्या पियानोच्या साथीनं तिनं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं: ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’. शब्द देवाचे, पण डाव्या हाताचा धावता पियानो आणि तिची खणखणीत गिटार ऐकली की पुढच्या दशकाचं सगळं संगीत त्यात दिसतं. 1945 मध्ये हे गाणं कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात आलं. चर्चच्या गाण्यानं ती पायरी गाठण्याची ही पहिलीच वेळ.

1947 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी तिचा कार्यक्रम होता. तिथल्या सभागृहात थंड पेयं विकणारा एक मुलगा तिचीच गाणी मोठ्यानं गात होता. तिनं ते ऐकलं आणि त्या चौदा वर्षांच्या पोराला स्वतःच्या कार्यक्रमात गायला उभं केलं, वर पैसेही दिले. तो मुलगा म्हणजे रॉक अँड रोलचा पुढचा गाजलेला गायक लिटल रिचर्ड.

आता मिसिसिपीत जाऊ. मार्च 1951. क्लार्क्सडेलहून काही तरुण वादक मेम्फिसला निघालेत, रस्ता हायवे 61. त्यांचा म्होरक्या आइक टर्नर, वय 19. वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली. कुणी सांगतं तो गाडीच्या टपावरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. स्टुडिओत लावून बघतात तर स्पीकरचा पडदा फाटलेला, आवाज घरघरतोय. स्टुडिओ सॅम फिलिप्सचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, दुरुस्त करून परत या. फिलिप्सनं कागदाचे बोळे करून स्पीकरमध्ये कोंबले आणि त्याच घरघरीसकट रेकॉर्डिंग केलं. त्याला तो आवाज आवडला होता. गिटार वाजवली विली किझार्टनं. ऐकताना ती जाड गळ्याच्या सॅक्सोफोनसारखी वाटते. आज जगभरातले गिटारवादक पायानं पेडल दाबून मुद्दाम जो खरखरीत आवाज काढतात, त्याचा हा एक पूर्वज. गाण्याचं नाव ‘रॉकेट 88’, विषय एका नव्या मोटारीचा. रेकॉर्डवर नाव मात्र गायक जॅकी ब्रेन्स्टनचं छापलं गेलं, आइक टर्नरच्या बँडचं नाही.

पुष्कळ जण याला जगातलं पहिलं रॉक अँड रोल गाणं म्हणतात. मला ‘पहिलं’ शोधण्याचा हा नादच चुकीचा वाटतो. लुई जॉर्डनचा नाचरा बँड, रॉय ब्राउन आणि वायनोनी हॅरिसची 1947-48 मधली गाणी, फॅट्स डॉमिनोचा पियानो, ही सगळी याच वाटेवर आहेत. एकानं लावलेलं झाड नाही ते. पण पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा हे ठरवताना पैसे आणि हक्कही ठरत गेले, म्हणून तो वाद मी अगदीच सोडून देत नाही.

हे संगीत गोऱ्या मुलांपर्यंत कसं पोचलं? दक्षिणेत तेव्हा शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. उत्तर आहे रेडिओ, आणि हे मी रेडिओवरून सांगतोय याचा मला मनापासून आनंद आहे. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या केंद्रानं 1948 पासून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. मालक गोरे होते, पण माइकसमोर नॅट विल्यम्ससारखे कृष्णवर्णीय निवेदक आले. नॅट विल्यम्स पेशानं शिक्षक. तरुण बी. बी. किंगही तिथे रेकॉर्डी लावायचा. 1954 मध्ये केंद्राला 50,000 वॅटचं प्रक्षेपण मिळालं आणि आवाज मिसिसिपीच्या खोऱ्यात लांबवर पसरला. कोणत्या घरात कोण ऐकतंय हे तपासायला दारात शिपाई उभा करता येत नव्हता.

उत्तरेत क्लीव्हलँडला लिओ मिंट्झ नावाच्या दुकानदाराच्या एक गोष्ट ध्यानात आली: गोरी मुलंही हौसेनं कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्डी विकत घेतायत. त्यानं अ‍ॅलन फ्रीड या निवेदकाला गळ घातली. जुलै 1951 पासून फ्रीड रात्री ही गाणी लावू लागला. गाणं चालू असताना माइक उघडा ठेवून तो टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीवर हातानं ठेका धरायचा, मधेच ओरडायचा. 21 मार्च 1952 ला त्यानं क्लीव्हलँड अरीनात नाचाचा जलसा ठेवला. जागा सुमारे दहा हजारांची, लोक त्याच्या दुपटीच्या आसपास आले, दारं मोडली, आणि पहिल्याच कलाकाराच्या वेळी पोलिसांनी कार्यक्रम बंद केला. पुढे न्यूयॉर्कला जाऊन फ्रीडनंच या संगीताचं ‘रॉक अँड रोल’ हे नाव घराघरात नेलं.

मग एल्विस. 5 जुलै 1954, मेम्फिस, पुन्हा सॅम फिलिप्सचाच स्टुडिओ. तासन्‌तास काही जमेना. विश्रांतीच्या वेळी एल्विसनं गंमत म्हणून आर्थर क्रुडपचं 1946 मधलं एक गाणं छेडलं, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक त्यात सामील झाले आणि फिलिप्सनं ते टिपलं. काही दिवसांत ड्यूई फिलिप्स या निवेदकानं ते रेडिओवर लावलं. फोनवर फोन आले. त्याच रात्री एल्विसला केंद्रावर बोलावलं आणि ड्यूईनं विचारलं, कुठल्या शाळेत शिकलास? हा प्रश्न सहज नव्हता. शाळेचं नाव ऐकलं की गायक गोरा आहे हे श्रोत्यांना कळणार होतं.

एल्विस मोठा गायक होता, यात मला शंका नाही. त्यानं हे संगीत कुठून घेतलं ते लपवलंही नाही. 1956 मध्ये एका वार्ताहराला त्यानं क्रुडपचं नाव घेऊन सांगितलं होतं. पण क्रुडपच्या हाती काय लागलं? दुसऱ्यांच्या शेतावर राबत तो जगला, गाण्याचे हक्काचे पैसे त्याला नीट मिळाले नाहीत, आणि 1974 मध्ये तो गेला. बिग मामा थॉर्नटनचं तेच. ‘हाउंड डॉग’ तिनं 1952 मध्ये गायलं, 1953 मध्ये गाजवलं. अमाप पैसा झाला तो एल्विसच्या 1956 च्या रेकॉर्डवर. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

चक बेरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. सेंट लुईचा हा माणूस गोऱ्यांच्या ग्रामीण गाण्यांची चाल आणि ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्यांची, लय एकत्र करायचा. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून तो शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीकडे गेला आणि मे 1955 मध्ये ‘मेबलीन’ ध्वनिमुद्रित झालं. मोटारींची शर्यत, हातून निसटणारी मुलगी, आणि एकेक शब्द लखलखीत ऐकू येणारा उच्चार. रेकॉर्ड हातात आली तर गीतकार म्हणून त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावं, आणि त्यातलं एक अ‍ॅलन फ्रीडचं! गाणं रेडिओवर वाजवण्याची ती किंमत होती. स्वतःच्या गाण्याचे पूर्ण हक्क परत मिळायला बेरीला 1986 उजाडावं लागलं. त्याआधी, 1977 मध्ये, व्हॉयेजर या अंतराळयानांवर पृथ्वीचे आवाज साठवलेली सोनेरी तबकडी पाठवली गेली, तिच्यावर त्याचं ‘जॉनी बी. गुड’ आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’.

पहिली लाट फार टिकली नाही. 1957 मध्ये लिटल रिचर्ड धर्माकडे वळला, 1958 मध्ये एल्विस सैन्यात गेला, 3 फेब्रुवारी 1959 ला तरुण गायक बडी हॉली विमान अपघातात गेला, त्याच वर्षी लाचेच्या प्रकरणात फ्रीडची नोकरी गेली. तोवर या रेकॉर्डी समुद्र ओलांडून ब्रिटनला पोचल्या होत्या आणि लिव्हरपूल-लंडनची पोरं त्या घासून घासून ऐकत होती. त्यांची, म्हणजे बीटल्स वगैरेंची, गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

आपल्याकडे मात्र थांबायला हवं. 1952 नंतर मंत्री बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली आणि लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपट आला आणि त्यात ‘ईना मीना डीका’. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस गोव्याच्या वादकांना हाताशी धरून रॉक अँड रोलचा ठेका असा पेलतो की तो उसना वाटतच नाही. ते गाणं किशोरकुमार आणि आशा भोसले, दोघांच्याही आवाजात आहे. साधारण त्याच सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत काही मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ती लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनोची गाणी वाजवायची. त्यात पियानोवर फारुख बलसारा नावाचा मुलगा असायचा. पुढे जगानं त्याला ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

रोझेटा थार्प 1973 मध्ये फिलाडेल्फियात वारली. मधुमेहानं पाय कापावा लागला होता, तरी ती गात होती. तिच्या थडग्यावर तीस वर्षांहून जास्त काळ साधा दगडही नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं 1986 मध्ये पहिले मानकरी निवडले, त्यात एल्विस होता, चक बेरी होता, लिटल रिचर्ड होता. एकही बाई नव्हती. रोझेटाचं नाव तिथे लागलं 2018 मध्ये.

आता एक विनंती. आज रात्री तीन गाणी याच क्रमानं ऐका: 1944 चं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’, 1951 चं ‘रॉकेट 88’ आणि 1955 चं ‘मेबलीन’. तिन्ही मिळून दहा मिनिटंही लागणार नाहीत. पहिल्यात रोझेटाची गिटार शब्दांना कुठे उत्तर देते ते ऐका, दुसऱ्यात ती घरघर शोधा, आणि तिसऱ्यात चक बेरी गाणं थांबवून वाजवतो तेव्हा पहिल्या गाण्यातलं काय ऐकू येतं ते पाहा. टाळी दोन आणि चारवर.

नमस्कार.