रंगरुटाची हाडे घडताना

गजर झाला की बराकीतले दिवे लागतात आणि काही मिनिटांत सगळे रंगरूट मैदानावर रांगा धरून उभे राहतात. आल्या आल्या त्यांचे केस बारीक कापले गेले, घरचे कपडे बांधून ठेवले गेले आणि प्रत्येकाच्या हाती सारखाच गणवेश व कडक, नवे बूट पडले. सैनिकी प्रशिक्षण म्हटले की प्रशिक्षकाचा चढा आवाज, चिखल आणि शिक्षा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आमच्या मते मात्र यातले सर्वांत अवघड काम दरडावण्याचे नसून, कोणत्या आठवड्यात शरीरावर किती भार टाकायचा हे ठरवण्याचे आहे.

अमेरिकी लष्करात मूलभूत प्रशिक्षण साधारण 10 आठवडे चालते, तर मरीन कोअर या तिथल्या सागरी सैन्यदलात 13 आठवडे. एवढ्या अवधीत तरुणांचा दम वाढतो आणि स्नायूही भराभर जुळवून घेतात, पण हाडे मागे राहतात. वाढता भार पेलण्यासाठी हाड आधी आपला जुना भाग झिजवते आणि मगच तिथे नवा थर भरते, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट कमकुवतच असते. नेमके त्याच दिवसांत रंगरुटाला आपण आता तयार झालो असे वाटू लागते, आणि धावणे, कवायत व पाठीवर ओझे घेऊन चालणे तर रोजचेच असते. मग नडगीला किंवा तळपायाच्या लांब हाडांना केसासारखी बारीक चीर पडते. लांब कूच करून आलेल्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, अशी नोंद ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी 1855 मध्येच केली होती. पण या सुजेमागे मोडलेले हाड असते हे कळायला 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागावा लागला.

संध्याकाळच्या पायतपासणीत टाचेवरचे फोड लगेच दिसतात. चीर दिसत नाही. नडगीवरून अंगठा दाबत खाली आणला की एका ठरावीक जागी रंगरूट दचकतो, आणि विचारले तर काही नाही म्हणतो. उपचारांसाठी थांबलो तर आपली तुकडी पुढे जाईल आणि आपल्याला नंतरच्या तुकडीबरोबर राहिलेले प्रशिक्षण पूर्ण करावे लागेल, ही धास्ती वेदनेपेक्षा मोठी असते. दुखणे लपवणाऱ्याला आपण चिवट म्हणून गौरवतो, हे आम्हाला घातक वाटते.

कवायतीतला एक हट्टही याला हातभार लावतो. सगळ्यांचे पाऊल सारख्याच अंतरावर पडावे असा आग्रह धरला की कमी उंचीच्या रंगरुटांना, त्यातही महिलांना, पेलवणार नाही एवढी लांब ढांग टाकावी लागते आणि तो ताण कमरेखालच्या हाडांवर येतो. ढांग आखूड ठेवण्याची मुभा देणे हा यावरचा साधा, बिनखर्चाचा उपाय आहे.

उन्हाबाबतचा धडा मात्र लष्कराने जीव गमावून घेतला. अमेरिकेतील पॅरिस आयलंड या मरीन कोअरच्या प्रशिक्षण तळावर उष्माघाताने रंगरूट कोसळू लागले, तेव्हा 1950 च्या दशकात तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारा निर्देशांक तयार झाला. तो साधारण 32 अंश सेल्सिअसवर गेला की काळा झेंडा लागतो आणि अंगमेहनतीची कसरत थांबते. शरीराला उन्हाची सवय व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून नव्याने आलेल्यांना काळा झेंडा लागण्याआधीही जपावे लागते.

अखेरच्या आठवड्यांत ओझ्यासह लांब कूच असते. ती पार पडते ती त्या दिवशीच्या जिद्दीइतकीच आधीच्या आखणीमुळे, म्हणजे अंतर आणि वजन दोन्ही एकदम न वाढवता मधूनमधून हलके दिवस ठेवल्यामुळे. हाड भरून आल्यावर दुसऱ्या तुकडीत दाखल होणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी पूर्ण ओझे न देता थोड्या अंतरापासून पुन्हा सुरुवात करू द्यायला हवी.