१ ऑक्टोबरनंतर क्लेम परत का येतात?

नमस्कार. अमेरिकेतल्या मेडिकल बिलिंगचं काम करत असाल, तर १ ऑक्टोबर ही तारीख तुम्हाला पाठ असेल. त्या दिवशी आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे आजारांच्या निदानासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोड यादीचे, नवे डायग्नोसिस कोड लागू होतात आणि मग परत आलेल्या क्लेमचा, म्हणजे इन्शुरन्स कंपनीकडे पाठवलेल्या बिलांचा, ढीग लागतो. त्यातले बरेचसे क्लेम सप्टेंबरमध्येच वाचवता येतात.

आधी तारखेचा घोळ मिटवू. क्लेम कधी पाठवला, यावर कोड ठरत नाही. ओपीडीत पेशंटला तपासल्याची तारीख धरायची, ॲडमिट पेशंटची डिस्चार्जची. ३० सप्टेंबरची व्हिजिट १० ऑक्टोबरला बिल केलीत तरी कोड जुनाच. २८ सप्टेंबरला ॲडमिट होऊन २ ऑक्टोबरला घरी गेलेल्या पेशंटला मात्र नवा.

आता हा कोड बघा: एम५४.५, कंबरदुखी. १ ऑक्टोबर २०२१ ला त्याचे तीन भाग झाले. कारण नोंदवलेलं नसेल तर एम५४.५०, मणक्याच्या एंडप्लेटमधून येणारं दुखणं असेल तर एम५४.५१, बाकीचं एम५४.५९. शेवटचा आकडा नसलेला एम५४.५ त्या दिवसापासून अवैध. सॉफ्टवेअरमधली मुख्य कोड यादी अपडेट झाली, तरी जुना कोड इतर ठिकाणी लपून बसतो: डॉक्टरांनी सेव्ह केलेल्या फेवरिट्समध्ये, टेम्प्लेटमध्ये, फिजिओथेरपीच्या चालू ऑर्डरमध्ये, छापील सुपरबिलावर (डॉक्टर ज्यावर निदान आणि सेवांवर खुणा करतात तो फॉर्म). शोधायचा तो तिथे.

म्हणून गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढा आणि सगळ्यात जास्त वापरलेले ५० कोड रद्द झालेल्या कोडच्या यादीशी ताडून बघा. नव्या कोडच्या फाइल सीएमएस आणि सीडीसी या अमेरिकन सरकारी संस्थांच्या साइटवर फुकट मिळतात. एक दुपार पुरते.

इथे एक मोह होतो: जिथे एम५४.५ दिसेल तिथे डोळे मिटून एम५४.५० टाकायचा. कृपा करून हे करू नका. क्लेम सुटेल कदाचित, पण डॉक्टरांच्या नोटमध्ये कंबरेच्या स्नायूची लचक (स्ट्रेन) लिहिली असेल तर तो कोडच वेगळा आहे, एस३९.०१२, आणि त्याला सातवं अक्षरही लागतं. उपचार अजून सुरू असतील तर ए, दुखापत भरत येतानाच्या तपासणीला डी. ए म्हणजे पहिली व्हिजिट, हा समज चुकीचा आहे. नोटमधून उलगडा होत नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना उत्तर सुचवू नका.

ऑक्टोबरनंतरच्या तपासणीसाठी आधीच घेतलेली प्रायर ऑथरायझेशनं (इन्शुरन्स कंपनीच्या पूर्वपरवानग्या) वेगळी काढा. त्यांवर जुना कोड असेल तर पेशंट येण्याआधी इन्शुरन्स कंपनीला फोन करून बदल करून घ्या.

एवढं करूनही क्लेम परत आला, तर तो रिजेक्ट झालाय (तपासणीआधीच अडला) की डिनाय (कंपनीने तपासून नाकारला), हे आधी बघा. क्लिअरिंगहाऊसनेच, म्हणजे क्लेम कंपनीकडे पोचवणाऱ्या मधल्या सेवेनेच, अडवलेला क्लेम कंपनीच्या नोंदीत गेलेलाच नसतो. तो दुरुस्त करून नवा क्लेम म्हणून पाठवायचा, करेक्टेड क्लेम म्हणून नाही. आणि रिजेक्ट झालेला क्लेम मुदतीत दाखल झाला असं धरत नाहीत. मेडिकेअरची (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याची) मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची असते, खासगी कंपन्यांची बरेचदा त्याहून खूपच कमी. त्यामुळे ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे २७७सीए रिपोर्ट (कोणते क्लेम स्वीकारले, कोणते रिजेक्ट झाले हे सांगणारा) रोज सकाळी उघडा. २०२२ पासून १ एप्रिललाही नवे कोड येऊ लागले आहेत, तेव्हाही हीच तपासणी पुन्हा करायची.